ख्रेल्योचा मनोरा : रिला मठातील दगडी ‘पिर्ग’ कसा वाचावा

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. बल्गेरियातील रिला मठाच्या छायाचित्रांत रंगीत सज्जे आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी यांच्या मधोमध एक राकट दगडी मनोरा उभा दिसतो; प्रार्थनेच्या जागी असे लष्करी बांधकाम का, हा पहिला प्रश्न. त्याला आपल्याकडच्या किल्ल्याचा बुरूज म्हणावे काय, हा दुसरा. आणि त्याच्या पायथ्याला चिकटलेली ठेंगणी इमारत मूळचीच आहे काय, हा तिसरा. जुन्या दगड-चुन्याच्या इमारतींच्या जतनाचे काम करताना मला अशा वास्तू केवळ पाहाव्या लागत नाहीत, त्यांच्या भिंतींची जाडी, दाराची उंची आणि पाण्याच्या वाटा तपासाव्या लागतात. त्यामुळे उत्तरही बरेचसे त्याच अंगाने देतो.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केलेली बरी, कारण ‘बुरूज’ हा शब्द वापरला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर चुकीची आकृती उभी राहते. आपल्याकडचा बुरूज हा तटाचा अवयव असतो. तो तटातून बाहेर डोकावतो, बहुधा गोलाकार असतो, पुष्कळदा आतून भरीव असतो, आणि त्याचे काम शेजारच्या तटाच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूवर बाजूने मारा करणे हे असते. तट नसेल तर अशा बुरुजाला अर्थ उरत नाही. रिलाचा मनोरा नेमका उलट आहे. तो एकटा उभा आहे, चौकोनी आहे, आतून पोकळ आहे आणि एकावर एक मजले रचून वर चढवलेला आहे. आपल्या दुर्गशास्त्रात त्याचे नाते शोधायचेच तर ते बालेकिल्ल्याशी आहे. सगळे पडले तरी शेवटी जिथे दार लावून बसायचे, ती जागा. फरक इतकाच, की डोंगराच्या माथ्यावर पसरण्याऐवजी हा बालेकिल्ला आठ मीटरच्या चौकोनात उभा केलेला आहे.

तरीही शब्दांचे नाते विलक्षण आहे. या मनोऱ्याच्या बाह्य भिंतीवर विटांच्या अक्षरांत जो लेख आहे, त्यात या वास्तूला ‘पिर्ग’ म्हटले आहे. हा ग्रीक ‘पिर्गोस’ या शब्दाचा स्लाव अवतार होय. आपला ‘बुरूज’ फारसीतून आला, फारसीत तो अरबी ‘बुर्ज’मधून आला, आणि अरबी शब्दाचे मूळ आरमाईकमार्गे याच ग्रीक पिर्गोसपर्यंत नेण्याकडे भाषाभ्यासकांचा मोठा कल आहे. म्हणजे शब्द चुलतभाऊ आहेत, वास्तू मात्र वेगवेगळ्या. म्हणून या उत्तरात मी ‘मनोरा’ किंवा तिथलाच ‘पिर्ग’ हा शब्द वापरतो.

आता मठाविषयी थोडे. रिला पर्वतात, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,150 मीटर उंचीवर, एका अरुंद नदीखोऱ्यात हा मठ आहे. 10व्या शतकात संत इव्हान रिल्स्की या एकांतवासी साधूने जवळच्या गुहेत तप केले, त्याच्याभोवती शिष्य जमले आणि मठ जन्माला आला. इव्हानचा मृत्यू 946 सालचा मानला जातो. ऑर्थोडॉक्स परंपरेत संताचे अवशेष हे मठाचे खरे धन असते, आणि इव्हानच्या अवशेषांना इतकी मागणी होती की ते सोफियाला गेले, 12व्या शतकात काही वर्षे हंगेरीतही नेले गेले, पुढे तर्नोव्होच्या राजधानीत राहिले आणि 1469 साली पुन्हा रिलात परतले. मठाची मूळ वसाहत सध्याच्या जागेपासून काही किलोमीटर दूर, गुहेच्या बाजूला होती. सध्याच्या जागी मठ रुजला तो 14व्या शतकात, आणि त्या स्थित्यंतराशी ज्याचे नाव जोडलेले आहे तोच या मनोऱ्याचा कर्ता : प्रोतोसेवास्त (बायझंटाइन दरबाराची एक उच्च पदवी) ख्रेल्यो.

ख्रेल्यो कोण होता हे समजल्याशिवाय मनोरा समजत नाही. तो स्त्रुमा आणि स्त्रुमित्सा या खोऱ्यांतला बलाढ्य सरंजामदार होता. 1330 साली वेल्बाझ्द, म्हणजे आजचे क्युस्तेन्दिल, येथे सर्बियाच्या सैन्याने बल्गेरियाच्या झार (म्हणजे सम्राट) मिखाईलचा पराभव केला आणि तो झार त्यातच मेला. दुसऱ्याच वर्षी स्तेफान दुशानने आपल्या बापाला पदच्युत करून सर्बियाची गादी घेतली. हा सगळा उलथापालथीचा प्रदेश रिलापासून फार लांब नाही. सर्बिया, बल्गेरिया आणि बायझंटाइन साम्राज्य या तिघांच्या सीमा जिथे दर काही वर्षांनी सरकत होत्या, तिथे ख्रेल्योसारखा माणूस कधी एका दरबाराचा, कधी दुसऱ्याचा असे. सरदाराने वाऱ्याची दिशा पाहून पागोटे बदलणे आपल्यालाही इतिहासातून चांगलेच परिचित आहे. दुशानचा सामंत म्हणून त्याने मनोरा बांधला. पुढे तो बायझंटाइनांकडे गेला, ‘केसर’ ही मोठी पदवी मिळवली, आणि 1342 साली पुन्हा दुशानकडे वळला. त्याच वर्षी तो मरण पावला, तोही रिलाच्या मठात, ‘खारितोन’ या नावाने संन्यासी होऊन. त्याची समाधीशिला मठात जपून ठेवलेली आहे. दुशानच्या हस्तकांनी त्याला याच मनोऱ्यात गळा आवळून मारले, अशी दंतकथा तिथे सांगतात. दंतकथेला दंतकथेइतकेच वजन द्यावे, पण ती सुचली कोणाला आणि का, हे कळायला त्या काळच्या राजकारणाची एवढी ओळख पुरे. सर्बियन लोकगाथांत ‘रेल्या क्रिलातित्सा’, म्हणजे पंखांचा रेल्या, नावाचा वीर येतो. तो याच ख्रेल्योची लोकस्मृती आहे.

विटांचा लेख या संदर्भात वाचला की त्यातला एकेक शब्द बोलू लागतो. त्याचा आशय असा : परमश्रेष्ठ स्वामी राजा स्तेफान दुशान यांच्या राज्यात स्वामी प्रोतोसेवास्त ख्रेल्यो यांनी मोठ्या कष्टाने आणि खर्चाने हा पिर्ग पवित्र पिता इव्हान रिल्स्की आणि ओसेनोव्हित्सा म्हणून ओळखली जाणारी देवमाता यांच्यासाठी उभारला. वर्ष 6843. हे वर्ष बायझंटाइन सृष्टिसंवताचे, म्हणजे जगाच्या उत्पत्तीपासून मोजलेल्या कालगणनेचे आहे. ते 1 सप्टेंबरला सुरू होई, म्हणून आपल्या गणनेत ते 1334 च्या सप्टेंबरपासून 1335 च्या ऑगस्टअखेरपर्यंत भरते. पुस्तकांत कुठे 1334 आणि कुठे 1335 छापलेले दिसते त्याचे कारण हेच, त्यात विसंगती काही नाही. दुशानला लेखात ‘राजा’ म्हटले आहे, ‘झार’ नव्हे, आणि ते बरोबरच आहे, कारण त्याने झारपद धारण केले ते 1346 साली. आमच्या कामात एखाद्या लेखाची तारीख आणि त्यातली पदवी अशी एकमेकांना साक्ष देऊ लागली की बरे वाटते.

लेख विटांचा असण्यालाही अर्थ आहे. दगडावर कोरलेली अक्षरे जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. भिंतीच्या अंगातच विटा बसवून घडवलेली अक्षरे मोठी असतात, दुरून दिसतात, आणि बांधकाम चालू असतानाच त्यांची जागा ठरवावी लागते. म्हणजे हे नंतर सुचलेले दानपत्र नाही. सीमेवरच्या खोऱ्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला ही भूमी कोणाच्या छत्राखाली आहे आणि इथला आश्रयदाता कोण आहे, हे सांगणारी ती पाटी आहे. मनोरा जितका संरक्षणासाठी होता तितकाच तो हक्क दाखवण्यासाठीही होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता रचनेकडे वळू. मनोरा सुमारे 23 मीटर उंच आहे, पाया जवळजवळ चौरस आहे, बाजू साधारण आठ मीटरच्या आहेत. भिंती पावणेदोन ते दोन मीटर जाड आहेत. हे आकडे नुसते वाचून सोडून देऊ नका, वजाबाकी करा. आठ मीटरमधून दोन्हीकडची भिंत वजा केली की आत जेमतेम साडेचार मीटरची चौकोनी खोली उरते, म्हणजे मजल्यागणिक सुमारे वीस चौरस मीटर. मुंबईतल्या जुन्या चाळीच्या बिऱ्हाडाहून फार मोठी नव्हे. असे पाच मजले. इथे सैन्य मावत नाही. दाटीवाटीने काही डझन भिक्षू, संताचे अवशेष, सोन्याचांदीची पात्रे, हस्तलिखिते आणि जमिनींच्या सनदा एवढेच मावते. या शेवटच्या गोष्टीला मी जाणूनबुजून महत्त्व देतो. मठाची गावे, कुरणे, करमाफी हे सगळे कागदावर, किंबहुना चर्मपत्रावर उभे असे. 1378 साली झार इव्हान शिश्मानने रिला मठाला दिलेली सनद ही त्याची सर्वांत प्रसिद्ध साक्ष आहे. लूट झाली तर पात्रे पुन्हा घडवता येतात, पण सनद जळाली की शेजारचा जमीनदार दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो.

भिंती एवढ्या जाड का, याचे उत्तर ‘वजन पेलण्यासाठी’ असे पुष्कळ जण देतात, ते खरे नाही. 23 मीटर उंच दगडी भिंतीच्या पायाशी तिच्या स्वतःच्या भाराने दर चौरस सेंटिमीटरवर साधारण पाच किलोचा दाब येतो, मजल्यांचा भार धरून थोडा अधिक. चुन्यातले चांगले बांधकाम एवढे ओझे सहज पेलते. निम्म्या जाडीची भिंतही उभी राहिली असती. जाडी आहे ती तीन कारणांसाठी. कुदळ-पहारीने भिंत फोडायला लागणारा वेळ वाढावा, बाहेरची इमारत पेटली तरी आतल्या खोलीत होरपळ पोहोचू नये, आणि जमीन हादरली तर मनोरा सरळ राहावा. दुसऱ्या कारणाची परीक्षा 1833 साली झाली. त्या वर्षीच्या भीषण आगीत मठाच्या राहत्या इमारती भस्मसात झाल्या आणि मनोरा उभा राहिला. तिसऱ्याची परीक्षा 1904 मध्ये झाली, जेव्हा स्त्रुमा खोऱ्यात क्रेस्नाजवळ बाल्कनच्या इतिहासातला एक अतिप्रबळ भूकंप झाला.

भूकंपाचा विषय निघाला म्हणून बाल्कन आणि बायझंटाइन गवंड्यांची एक सवय सांगतो, जी छायाचित्रात कधीच दिसत नाही. ते दगडी भिंतीच्या पोटात ठरावीक उंचीवर लाकडाच्या आडव्या तुळया घालीत. ताजा चुना घट्ट व्हायला महिने लागतात. तोवर या तुळया भिंतीला कमरपट्ट्यासारख्या आवळून धरतात आणि पुढे धक्क्याच्या वेळी भेगांना आडव्या येतात. शतकांनंतर लाकूड कुजते आणि भिंतीत पोकळ बोगदे उरतात. नवख्या माणसाला ते उंदरांचे बीळ किंवा बांधकामातला दोष वाटतो आणि तो सिमेंटचा गारा कोंबून मोकळा होतो. तसे करू नये. सिमेंट ओल अडवते, चुना तिला वाट देतो, आणि अडलेली ओल थंड प्रदेशात गोठून दगडच फोडते.

बाहेरून पाहिल्यास मनोऱ्याचे पहिले लक्षात येणारे वैशिष्ट्य म्हणजे जमिनीपासून वरपर्यंत गेलेले उभे आधार, ज्यांना वास्तुविद बट्रेस म्हणतात. ते माथ्याजवळ कमानींनी एकमेकांना जोडलेले आहेत. यामुळे सपाट भिंतीऐवजी खोल सावल्यांच्या उभ्या पट्ट्या दिसतात आणि मनोरा प्रत्यक्षाहून उंच भासतो. पण हेतू शोभेचा नाही. आधारांमुळे भिंत ताठ होते, आणि कमानींमुळे माथ्यावरचा मजला भिंतीच्या तोंडापासून किंचित बाहेर येतो. बाहेर आलेल्या माथ्यावरून थेट पायथ्याशी पाहता येते; सरळसोट भिंतीवरून वाकून पाहणाऱ्याला आपले डोके बाणाच्या टप्प्यात न्यावे लागते. अगदी वर चर्या आहेत, म्हणजे दातेरी कठडा; हा भाग रायगड-सिंहगड पाहिलेल्या वाचकाला सांगायला नको. भिंतीतल्या खिडक्या बाहेरून बारीक फटींसारख्या आहेत, आपल्या जंग्यांच्या जातीच्या, आणि त्यांचे पहिले काम मारा करणे नसून आत थोडा उजेड-वारा सोडणे हे आहे.

अशा मनोऱ्यांत सर्वांत शहाणपणाची जागा दाराची असते. या वास्तुप्रकाराचा नियम असा की दार जमिनीवर नको. ते वरच्या मजल्यावर, आणि तिथवर जाण्यासाठी ओढून घेता येईल अशी शिडी किंवा उचलता येईल असा लाकडी पूल. इजिप्तमध्ये वादी नत्रूनच्या वाळवंटी मठांत ‘कसर’ नावाचे चौकोनी मनोरे आहेत. त्यांत पहिल्या मजल्यावरच्या दाराकडे जाणारा उचलता पूल आजही पाहता येतो. ते मठ कॉप्टिक परंपरेचे, म्हणजे ग्रीक-स्लाव ऑर्थोडॉक्स कुळाहून वेगळे, पण युक्ती तीच. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी सम्राट जस्टिनियनने 6व्या शतकात तट बांधून दिलेल्या संत कॅथरिनच्या मठात तर शतकानुशतके माणसे आणि धान्य दोरखंडाने वरच्या झरोक्यातून ओढून घेत. गडाच्या महाद्वारासमोर हत्तीचा धक्का अडवायला आपण गोमुखी वळण आणि अणकुचीदार खिळे वापरले. भिक्षूंनी दारच जमिनीवरून उचलले. थोड्या माणसांना, लढाईचे शिक्षण नसताना, एका रात्रीत अमलात आणता येणारा याहून स्वस्त उपाय नाही.

या सर्वांवरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ मिळते. पिर्ग हा लढण्यासाठी नव्हे, दम काढण्यासाठी असतो. लुटारूंची टोळी वेढा घालून महिनाभर बसत नाही. तिला दोन-चार दिवसांत हाती काही लागले नाही तर ती निघून जाते, कारण तिलाही खायला लागते. ग्रीसमधल्या आथोस पर्वतावरच्या हिलांदार या सर्बियन मठाने हे 14व्या शतकाच्या आरंभी अनुभवले. बायझंटाइनांच्या पगारावरून बिनसलेल्या कातालान भाडोत्री सैनिकांनी 1307 ते 1309 या काळात आथोसचे मठ लुटले, तेव्हा हिलांदार तग धरून राहिला. सर्बियाचा राजा मिलुतिन याने तिथे मठाच्या आणि समुद्रवाटेच्या रक्षणासाठी मनोरे उभारले. रिलाच्या पिर्गाचे घराणे हेच. आधारांना कमानींनी जोडण्याची ढबही आथोसच्या मनोऱ्यांची आठवण करून देते, आणि ख्रेल्योच्या गवंड्यांपुढे तो नमुना होता याविषयी मला शंका वाटत नाही.

तोफ आल्यावर हे गणित बिघडले. 1407 ते 1418 दरम्यान सर्बियाच्या ‘देस्पोत’ पदवीधारी शासक स्तेफान लाझारेव्हिचने बांधलेला मनासिया मठ पाहा : एक मनोरा नव्हे, तर चर्चभोवती अकरा मनोऱ्यांचा पूर्ण तट. तरीही तो उस्मानी सैन्यापुढे टिकला नाही. सैन्यापुढे पिर्ग निरुपयोगी झाला, पण चोर-दरोडेखोरांपुढे नाही, म्हणूनच असे मनोरे आथोसवर 16व्या शतकातही बांधले जात राहिले. रिलाला 15व्या शतकाच्या मध्यात लुटीचा आणि ओसाडीचा काळ सोसावा लागला, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात तीन भावांनी, योआसाफ, दाविद आणि तेओफान यांनी, मठ पुन्हा उभा केला. पुढे 19व्या शतकात चहूबाजूंच्या राहत्या इमारतींच्या बाहेरच्या भिंतीच तटासारख्या उंच आणि कोऱ्या बांधल्या गेल्या. आज मठ बाहेरून किल्ला आणि आतून वाडा दिसतो तो यामुळे.

आता वरच्या मजल्याकडे जाऊ, कारण माझ्या दृष्टीने या वास्तूचे हृदय तिथे आहे. पाचव्या मजल्यावर ख्रिस्ताच्या रूपांतराला, म्हणजे पर्वतावर तो शिष्यांना तेजोमय रूपात दिसला त्या प्रसंगाला, वाहिलेले छोटे प्रार्थनागृह आहे. वेदी सर्वांत वर असण्याला धार्मिक कारण आहे : वेदीच्या डोक्यावर कोणी वावरू नये. वादी नत्रूनच्या कसरांतही देवदूत मिखाईलचे प्रार्थनागृह माथ्यावरच असते. शिवाय व्यवहाराची गोष्टही आहे. वेढ्यात अडकलेल्या भिक्षूंना दैनंदिन उपासना थांबवता येत नाही, म्हणून आश्रयस्थानात वेदी हवीच.

या प्रार्थनागृहात 14व्या शतकातली भित्तिचित्रे अंशतः टिकून आहेत. बल्गेरियात त्या काळची चित्रे फार थोडी राहिली असल्याने त्यांचे मोल मोठे आहे. घुमटाखाली ‘सोफिया’, म्हणजे दैवी प्रज्ञा, हा विषय रंगवला आहे. संत इव्हानच्या जीवनातले प्रसंग आहेत. संताच्या चरित्राची टिकून राहिलेली ही अगदी जुनी चित्रमालिका होय. आणि तिसरा विषय मला सर्वांत प्रिय आहे : स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या स्तोत्रांवरची चित्रे, ज्यांत ‘परमेश्वराची स्तुती करा’ या आवाहनाला प्रतिसाद म्हणून वादक वाद्ये वाजवत आहेत आणि माणसे हातात हात घालून फेर धरून नाचत आहेत. खाली दोन मीटर जाडीची भिंत, ओढून घेतलेली शिडी, आणि वर हा फेर. चित्रकाराने हे विषय या जागेसाठी निवडले, हे तिथे उभे राहिल्यावर लक्षात येते. पुस्तकातल्या तुकड्या-तुकड्यांच्या छायाचित्रांत नाही.

ही चित्रे टिकण्याचे श्रेय काही अंशी उंचीला आहे. जमिनीची ओल भिंतीतून साधारण एक-दोन मीटर वर चढते, वीस मीटर नाही. ओल्या गिलाव्यावर रंगवलेल्या चित्राचा मोठा शत्रू म्हणजे ओलीबरोबर येणारे क्षार, आणि ते इथवर पोहोचत नाहीत. धोका वरून असतो : छपराचा एक पत्रा सरकला की दोन हिवाळ्यांत चित्र सोलून निघते. म्हणून अशा मनोऱ्याच्या जतनाचा पहिला नियम चित्रे पुसण्याचा नसून वर्षातून दोनदा छपरावर चढण्याचा आहे.

ख्रेल्योने मनोऱ्याशेजारी चर्चही बांधले होते. सध्याच्या भव्य पाच घुमटांच्या चर्चसाठी ते 1834 मध्ये पाडण्यात आले. त्याचे कोरीव लाकडी दार मठाच्या संग्रहालयात आहे. नवे चर्च पावेल या गवंडीप्रमुखाने उभे केले. आजच्या प्रांगणात मनोरा काहीसा परका, चुकून राहून गेल्यासारखा वाटतो, त्याचे हे कारण. त्याच्या जोडीची, त्याच्या काळाची इमारत निघून गेली आणि त्याच्याहून पाचशे वर्षांनी धाकटे शेजारी भोवती उभे राहिले. युनेस्कोने 1983 साली मठाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, ते या मनोऱ्यासह, पण मुख्यतः 19व्या शतकातील बल्गेरियन पुनरुज्जीवनाची खूण म्हणून.

राहिला तिसरा प्रश्न. मनोऱ्याला चिकटलेले घंटाघर मूळचे नाही. ते 1844 सालचे आहे. मूळ पिर्गाला घंटेची गरज नव्हती, कारण ऑर्थोडॉक्स मठांत भिक्षूंना उपासनेला बोलावण्याचे काम लाकडी फळीवर हातोडीने ताल धरून केले जाई, आणि पुढे उस्मानी अमलात घंटा वाजवण्यावर निर्बंध होते. 19व्या शतकाच्या मध्याकडे ते सैल होऊ लागले तशी मठामठांत घंटाघरे उठू लागली. रिलाच्या भिक्षूंनी ते वेगळे न बांधता पिर्गाच्या अंगाला टेकवले. जवळ गेलात तर सांधा पाहा : घंटाघराची भिंत आणि मनोऱ्याची भिंत यांच्यात दगडांचे थर एकमेकांत गुंफलेले नाहीत, एक दुसऱ्यावर नुसती येऊन थांबते.